ढोलीच्या तोंडावरची डहाळी

मी एक जुनी ढोली आहे. बसडेपोच्या मागच्या भिंतीलगत जे झाड आहे, त्याच्या पोटात. मला कोरले एका सुतार पक्ष्याने. तो एक मोसम राहिला आणि उडून गेला. मग साळुंक्या आल्या, पिंगळे आले. देवाने चोच दिली एकाला आणि घरे झाली कितीजणांची!

मित्रांनो, मी मुळात संशयी नव्हते. मग झाले काय, ते ऐका.

माझ्या तोंडावर पानांची एक डहाळी आहे. पडदाच म्हणा ना. तीन वर्षांपूर्वी एक गॉगलवाला पिल्लांचे फोटो काढायला आला. पडदा आड येत होता, म्हणून त्याने कात्रीने डहाळी छाटली. फोटो झकास आला म्हणे. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कावळ्यांनाही सगळे झकास दिसले. संध्याकाळी मी रिकामी होते.

तेव्हापासून मी माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाही. हातांकडे बघते.

यंदा डहाळी पुन्हा दाट झाली आणि हुदहुद पक्ष्यांची जोडी आली. डोक्यावर ऐटदार तुरा, घरात चार पिल्ले. तुम्ही म्हणाल, किती गोड! आधी जवळ येऊन वास घ्या, मग बोला.

आणि एके दिवशी डेपोतला टायरवाला गळ्यात कॅमेरा अडकवून आला. समोरच मोडीत काढलेली एक बस उभी आहे. तो तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून खिडकीतून बघू लागला. पक्षी बिचकले नाहीत. मी मात्र मनात म्हटले, चांगल्या कामाला लपायचे कशाला?

तिसऱ्या दिवशी तो शिडी घेऊन आला. खिशातून त्याने कात्री काढली. माझा जीव गोळा झाला. पण त्याने कापली ती सुतळी. त्या सुतळीने डहाळी अलगद मागे बांधली, बसमध्ये जाऊन चार फोटो काढले आणि परत येऊन गाठ सोडली. तरी माझे मन मानेना. आज सुतळी कापली, उद्या काय कापेल?

त्याची थोरली बहीण डेपोच्या तिकीट खिडकीवर बसते. दुपारी डबा घेऊन ती त्या बसमध्येच यायची.

"अरे, वास कसला येतोय? तुझे मोजे का?"

"पिल्लांचा आहे, ताई."

"मग बसते. मोजे असते तर परत गेले असते."

एका दुपारी डहाळी बांधलेली असतानाच कुणीतरी ओरडले, "चाक बसलंय, लवकर ये!" टायरवाला तसाच धावला. गाठ राहिली. ऊन थेट आत आले. पिल्ले चोची उघडून धापा टाकू लागली. भिंतीवर एक कावळा उतरला, मग दुसरा. आई अळी घेऊन आली आणि त्यांना बघून दूरच्या फांदीवर थबकली. मला तोंड आहे, पण ते मिटता येत नाही. मी देवाचे नाव घेत राहिले.

तेवढ्यात ताई आली. तिने वर पाहिले, डबा खाली ठेवला आणि थेट शिडी चढली. एका हाताने कावळे हाकलले, दुसऱ्याने गाठ ओढली. पडदा पडला. पिल्ले चारही होती.

टायरवाला हात पुसत आला, तेव्हा ती शिडीवरूनच म्हणाली, "किती वेळ बांधून ठेवली होतीस?"

"चाक बदलत होतो. अर्धा तास झाला असेल."

"तुझ्या घराचं दार कुणी अर्धा तास काढून नेलं तर?"

खिशातली सुतळी त्याने तिच्या हातात दिली.

त्यानंतर तो बसमध्ये नुसता बसायचा, वाऱ्याची वाट बघत. वाऱ्याने पाने सरकली तर एक फोटो. नाही सरकली, तर उद्या. अकरा दिवसांत एकच फोटो बरा आला, त्यातही पिल्लाचा अर्धा तुरा झाकलेला. मग एकेक करून चौघे उडाले.

तो फोटो आता तिकीट खिडकीशेजारी लावला आहे. परवा एक प्रवासी म्हणाला, "छान आहे, पण मधे पान आलंय."

ताई म्हणाली, "पान तिथेच होतं. मधे आपण गेलो."

मित्रांनो, तुम्हीही या. लांब बसा, वाऱ्याची वाट बघा. पानाला हात लावू नका. माझा संशय मात्र अजून पुरता फिटलेला नाही. तुम्ही आलात, की आधी तुमचे हातच बघेन.