एका हाताचा चाकू

“ह्यो उघडतोय झ्याक. पन मिटंना,” गेणबा म्हणाला.

“मिटत नाही? अरे, शेंबडं पोरसुद्धा मिटवेल तो!” मी गल्ल्यावरून खेकसलो आणि लगेच जीभ चावली. शेंबड्या पोराला दोन हात असतात.

गेणबा नुसता हसला. त्याला राग म्हणून येत नसे, आणि त्यामुळे मला जास्तच येई. दुकानातल्या बाकावर तो बसला होता. डाव्या हातात माझ्याकडचा घडीचा चाकू, उजवा हात सदऱ्याच्या खिशात. तो हात घरातून निघतानाच तो डाव्या हाताने उचलून खिशात ठेवायचा. चैत्रात त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. पुढे पाय सावरला, तोंड सावरलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. सुई टोचली तरी त्या हाताला पत्ता नसे.

दोन हजार तीन सालची गोष्ट. पौडच्या बाजारात माझं विळे, कोयते, चाकूंचं दुकान. गेणबा तिकडे मुळशीच्या धरणावर, या काठाची माणसं त्या काठाला नेणाऱ्या, धरणाच्या कंपनीच्या लाँचवर खलाशी होता. सारी हयात त्याने पाण्यावर काढलेली. दोर बांधायचा, सोडायचा, आणि अडलाच तर कापायचा, हे त्याचं काम. खलाशाच्या खिशात चाकू नसला तर तो खलाशी कसला? पण त्याचा जुना चाकू होता साध्या स्प्रिंगचा. नखाने पातं उघडायचं, म्हणजे दोन हात हवेत. शिवाय पात्याला अडकण नाही. आजारपणानंतर त्याने तो दातात धरून उघडला, दोर कापायला गेला, आणि पातं उलटून बोटांवर मिटलं. ते लाँचवरच्या साहेबांनी पाहिलं.

साहेब म्हणजे बंडोपंत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी गेणबाला सांगितलं, “दसऱ्यापर्यंत बघू. एका हाताने काम जमलं तर राहा लाँचवर. नाहीतर दिवाळीनंतर कंपनीच्या वसाहतीच्या गेटवर बस. खुर्ची आहे, सावली आहे, पगार तोच आहे.”

“सावली घिऊन काय करू?” गेणबा मला म्हणाला होता. “पानी सोडून मी जगायचो न्हाई, नरहरीशेठ.”

म्हणून तो एस.टी.ने पौडला यायचा आणि माझ्या बाकावर बसायचा. पितृपंधरवडा चाललेला. त्या दिवसांत नवी वस्तू कोण घेतो? दुकानात माशा. गेणबाही म्हणाला, “घेनार घटाला. आत्ता नुस्तं बगतो.” बघ बाबा, म्हटलं. धारेची वस्तू एकमेकांच्या हातात देत नाहीत, म्हणून मी एकेक चाकू फळीवर ठेवायचो आणि तो उचलायचा.

एक होता लाकडी मुठीचा. पातं उघडलं की मुठीवरचं कडं फिरवायचं, मग पातं हलायचं नाव नाही. चाकू भरवशाचा, पण कडं फिरवायला दुसरा हात लागतो. गेणबाने ते दातांनी फिरवून पाहिलं आणि ठेवून दिला. मग मुंबईहून आलेला चिनी. पात्याला खुंटी, अंगठ्याने ढकललं की टचकन उघडतो, आणि आतली एक पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकू देते. मिटवायचा तर अंगठ्याने ती पट्टी बाजूला सारायची. पण मेल्यांनी तो उजव्या हाताच्या माणसासाठी केलेला! डाव्या हाताने सारायचं तर बोट वाकवून पट्टीवर न्यायला लागे, आणि वर पातं बसलेलंच वाट बघत.

“बटनाचा न्हाई का?” गेणबाने एकदा विचारलं. “दाबला की सट्‌कन भाईर.”

“आहे की! आणि पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर आहे. दोघं मिळून जाऊ.”

भूगावकडून बिल्डरांचे वॉचमन यायचे, त्यांना हातभर लांब आणि चकचकीत चाकू हवा असे, लोकांना दिसायला. कासार आंबोलीच्या बंगलेवाल्यांना फळं कापायला नक्षीचा लागे. चाकू घ्यायला एवढे दिवस लावणारा हा एकच. मला खरं तर वैताग यायला हवा होता. पण त्या दुपारी काही वेगळ्याच होत्या. बाहेर कोवळं ऊन, आत लोखंडाचा आणि तेलाचा वास, आणि गेणबाचं हलक्या आवाजातलं बोलणं. त्याच्या आज्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गेणबा जन्माला यायच्या कितीतरी आधी. तरी बोलताना तो त्या गावातून चालत असे.

“लाँच त्या दोन टेकड्यांमधी आली का समजायचं, खाली आमचं खळं हाय. मंग जरा डावीकडं वळलं का तालीम. तितनं सोनाराची आळी. मी लाँचवर उभा ऱ्हातो ना, नरहरीशेठ, तवा मी कामावर नसतोच. गावात फिरत असतो.”

हातात चाकू उघडतोय, मिटतोय, उघडतोय. मला गुंगी यायची. दुकान पाण्यावर आहे आणि खालून कुणीतरी गुरं घेऊन चाललंय, असं वाटायचं. गिऱ्हाईक आलं तरी मी धड उठत नसे.

शेवटी त्याला पटला तो मुठीच्या पाठीत खाच असलेला. त्याच्या पाठीमागच्या दांडीत एक दाबायची जागा असते. ती दाबली की अडकण सुटते. उघडायला अंगठ्याची खुंटी. मिटवताना गेणबा तळहाताने पाठ दाबायचा आणि पात्याची बोथट बाजू मांडीवर रेटायचा. बोटं मुठीच्या दोन्ही कुशींना, पात्याच्या वाटेत येतच नाहीत. ही युक्ती मी त्याला शिकवली नव्हती, त्यानेच बसून बसून काढली.

“ह्यो शहाना हाय,” तो म्हणाला. “पाठीवर हात ठिवला का ऐकतो.”

घटस्थापनेला त्याने चाकू घेतला. तिथेच सुतळीचं बंडल घेऊन एका हाताने सपासप कापून दाखवलं. इतका खूश झाला की बाजारातल्या चार जणांना बोलावून दाखवलं. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू?

खंडेनवमीला मी दुकान बंद ठेवतो. सकाळी सगळी हत्यारं पुसून मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मग मोकळाच होतो, म्हणून पलीकडच्या काठावर बहिणीकडे निघालो.

लाँच झेंडूच्या माळांनी सजली होती. इंजिनाला हार, नारळाचं पाणी शिंपडलेलं. सणाची टोपली घेतलेल्या बायका, दोनतीन म्हातारे, इंजिनापाशी लाँच चालवणारा भिवाजी सारंग, आणि बंडोपंत स्वतः.

“काय गेणबा, जमलं का?” साहेबांनी विचारलं.

“जमलं सायेब! उद्या दसऱ्याला दावतो. आज पूजेत हाय. रत्नाबाईनं पाटावर मांडलाय.” रत्नाबाई म्हणजे त्याची बायको.

“लाँच बरी चालते पूजा करून,” भिवाजी म्हणाला.

“लाँच कंपनीची हाय. चाकू माजा हाय.”

साहेबांना हसू आलं. ऊन पाण्यावर पसरलं होतं, वारा नव्हता. दोन टेकड्यांच्या मधे आलो तेव्हा गेणबाने माझ्याकडे बघून नुसतं खाली खुणावलं. खळं! मी पण कठड्यावरून वाकून पाहिलं. हिरवं पाणी, दुसरं काय दिसणार? तरी पाहत राहिलो.

एवढ्यात पुढे वाहत आलेला ओंडका दिसला आणि भिवाजीने लाँचचा वेग एकदम तोडला. मागे बांधलेली होडी पुढे आली, तिचा दोर ढिला पडला. तो झटक्यात ओढून घ्यायला हवा होता. गेणबा धावला, पण एका हाताने आवरेपर्यंत दोर लाँचखालच्या पंख्यात गेला. इंजिन कण्हलं आणि बंद पडलं.

“गेणबा, काप दोर!” भिवाजी ओरडला.

गेणबाचा डावा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मी माझे खिसे चाचपले. दुकानात भिंतभर चाकू, आणि खिशात कानकोरणंही नाही! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांचे विळे, कोयते, सुऱ्या देवापुढे. भिवाजीच्या पेटीत पाने होते, धारेचं काही नाही. तालुक्यातलं सगळं लोखंड त्या दिवशी झोपलं होतं, आणि आम्ही मधोमध पाण्यावर.

बंडोपंतांची नजर गेणबाच्या रिकाम्या खिशावर होती.

“कापायचं कशाला? सोडवतो,” गेणबा म्हणाला. “भिवाजी, तू आतनं पंख्याचा दांडा हातानं उलटा फिरव. हळू. नरहरीशेठ, माजे पाय धरा.”

तो लाँचच्या टोकावर पालथा पडला, डावा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. मी त्याचे पाय धरले. आत भिवाजी दांडा इंचभर फिरवायचा, बाहेर गेणबा एक वेढा काढायचा. लाँच आपसूक गोल फिरत होती. गेणबाच मधेमधे बोलत होता, मला की स्वतःला कोण जाणे. “आता तालमीवर आलो... आता आळी...” त्याला मुळीच घाई नव्हती. एक वेढा, आणखी एक वेढा. त्याचा आवाज ऐकता ऐकता मीही विसरलो की आपण अडकलो आहोत.

दोर सुटला. अख्खा, न कापता! गेणबाने तो डोक्यावर धरून दाखवला. म्हातारे “वा रे पठ्ठ्या!” म्हणाले. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. झालं, म्हटलं, गडी राहिला लाँचवर.

तेवढ्यात एक बाई किंचाळली, “अवो, रगात!”

ओणवं झाल्यावर त्याचा उजवा हात खिशातून निसटून पाण्यात पडला होता. फिरत्या पंख्याच्या कडेने तो मनगटाच्या वर चांगला बोटभर लांब चिरला होता. सदरा, फळ्या, सगळं लाल. गेणबा त्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

त्या बाईने टोपलीतली हळद मूठभर जखमेत दाबली. मी माझा पंचा गुंडाळला. हळद आणि रक्त मिळून तो हात पूजेतल्या हत्यारासारखा दिसायला लागला.

“आता ह्योबी आज कामाला लावायचा न्हाई,” गेणबा म्हणाला आणि हसला. आम्ही कुणी हसलो नाही.

इंजिन सुरू झालं. काठ जवळ आल्यावर तो बंडोपंतांपाशी गेला.

“सायेब, दसऱ्याला चाकू दावत न्हाई. दुसरा मानूस घ्या.”

“अरे, मी काही म्हणालो का? मी तर तुला ठेवायचंच ठरवलंय.”

“ठाव हाय. तुमचं त्वांड बगितलं मी. म्हनून आदी बोलतोय.” त्याचा आवाज पहिल्यांदाच अडखळला. “माजंच रगात मला दुसऱ्यानं सांगावं लागलं. उद्या माजा उजवा हात धरलेलं कुनाचं ल्येकरू पान्यात घसरलं, तर मला काय कळनार?”

बंडोपंतांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. “बरं,” एवढंच म्हणाले.

लाँच धक्क्याला लागली. गेणबा नेहमीसारखा सगळ्यांआधी उतरला. डाव्या हाताने दोर खांबाला टाकला, गाठ मारली, एकदा ओढून पाहिली. मग माणसं उतरवून घ्यायला त्याने हात पुढे केला. खरं तर चैत्रापासून त्याने हे सोडलं होतं. सणावाराला, बायामाणसांपुढे डावा हात कसा करायचा, म्हणून तो बाजूला उभा राहायचा. आज केला.

पहिली म्हातारी क्षणभरही थबकली नाही. “धर नीट, बाबा,” म्हणाली आणि तो हात धरून उतरली. तिच्यामागून एकेक सगळ्या. बंडोपंतांना आधाराची काही गरज नव्हती, रोजचा उड्या मारणारा माणूस. त्यांनीही हात धरला.

सगळ्यांत शेवटी मी उतरलो. पाय जमिनीला लागले तरी मला तो हात सोडवेना.

“उतरलात की, नरहरीशेठ,” गेणबा म्हणाला.