नोंद घेतली आहे

ऑफिसात त्याला सगळे मसुदेकार म्हणायचे आणि पुढेपुढे बिल्डिंगमध्येही तेच नाव पडलं. परराष्ट्र खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या थेट झोताखाली त्याचं टेबल होतं. बावीस वर्षं तिथे बसून हा माणूस दुसऱ्या देशांना पत्रं लिहीत आला. सही मंत्र्यांची, शिक्का खात्याचा, शब्द मात्र याचे. स्वभावाने म्हणाल तर अगदी गरीब गाय. शेजाऱ्यांशी कधी हुज्जत नाही, कुणापुढे आवाज चढवणं नाही. आणि तरीही त्याच्या पत्रांनी एका अख्ख्या देशाची झोप उडवली होती. ते कसं, हे आधी सांगितलं पाहिजे.

समुद्रापलीकडे एक एवढासा देश होता. त्याने मागच्या वर्षी चार देशांच्या बैठकीत मसुदेकाराच्या देशाची तक्रार केली. तक्रार खरी होती, म्हणून तर साहेबांना ती फार झोंबली. "त्यांना जरा गप्प करायचंय," साहेब म्हणाले, "पण आपल्या अंगावर काही येता कामा नये." मसुदेकाराने आठवडाभर डोकं खाजवलं आणि एक पद्धत शोधून काढली. रोज सकाळी बरोबर अकरा वाजता त्या देशाला एका ओळीचं पत्र पाठवायचं. 'नोंद घेतली आहे : आपली पांढरी गस्ती बोट आज सहा वाजता बंदरातून निघाली.' बस्स, एवढंच. शिवी नाही, दम नाही, मागणी नाही. सुरुवातीला कुणालाही दिसेल असं काहीतरी लिहायचं. मग हळूहळू आत शिरायचं, घरच्याच माणसाला ठाऊक असेल असं. 'नोंद घेतली आहे : आपल्या संरक्षणमंत्र्यांच्या खोलीतलं घड्याळ काल बदललं.' आणि मग एके दिवशी, काहीही न सांगता, पत्रं बंद करायची. हे ऐकून साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, दिसता साधे, पण भलतेच पोहोचलेले आहात की!"

आता ही काही घरी सांगायची गोष्ट नव्हे. पण बाहेर कुणाला सांगता येत नाही, मग भाव खायचा तरी कुणापुढे? जेवताना त्याने सगळं रंगवून सांगितलं. "दम दिला की लोक चिडतात. आपलं लक्ष आहे एवढंच कळवायचं, बाकीचं त्यांचं मनच करतं. आणि उद्गारचिन्ह चुकूनही घालायचं नाही." बायको म्हणाली, "कसले मेले उद्योग!" आणि पातेलं उचलून आत निघून गेली. मुलगी मात्र हात वाळेपर्यंत ऐकत बसली. पंधरा वर्षांची झाली तरी घरात तिला पिल्लूच म्हणत. "आणि पत्रं बंद केली की काय होतं, बाबा?" तिने विचारलं. "तेव्हा तर खरी त्यांची पाचावर धारण बसते," तो म्हणाला आणि वर हसला. शहाणाच की नाही!

त्यांच्या खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. नवरा कधीच गेलेला, एकुलती एक मुलगी. ही मुलगी जिना चढतानासुद्धा बडबडत चढायची, म्हणून तिचं नाव रेडिओ. पिल्लूच्याच वर्गात होती. दोघी चालायला लागल्या तेव्हापासून एकमेकींच्या घरी पडीक.

एका मंगळवारी संध्याकाळी सिस्टर वर आल्या. ड्युटीचा पांढरा कोट अजून अंगावरच होता. "भाऊ, तुम्ही सरकारात आहात, तुम्हाला लिहिण्यातलं कळतं," त्या म्हणाल्या. "जरा हे बघता का?" आणि मुलीचा फोन त्यांनी त्याच्या हातात दिला.

कुणा अनोळखी खात्यावरून मेसेज येत होते. रोज एक, दुपारी चार दहाला, शाळा सुटली की.

'नोंद घेतली आहे : आज निळा स्वेटर.'

'नोंद घेतली आहे : डबा न उघडता परत नेलास.'

'नोंद घेतली आहे : या आठवड्यात आईची दुपारची पाळी.'

'नोंद घेतली आहे : तुमच्या बाथरूमचा नळ अजून गळतोय.'

असे सात आठवड्यांचे. मसुदेकार बोटाने वर सरकवत राहिला. कुठेही उद्गारचिन्ह नव्हतं.

"पोलीस म्हणतात यात गुन्हा कसला? शिवी नाही, धमकी नाही," सिस्टर सांगत होत्या. "शाळा म्हणते, मुलींची मस्करी असेल. आणि माझी पोर बारा दिवस घराबाहेर पडलेली नाही, भाऊ. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलीत तिने. दिवा बंद करून अंघोळ करते. सोमवारी परीक्षा आहे. वर्ष गेलं तर मेलं जाऊ दे, पण तिने बोलणंच टाकलंय हो. बोललं की त्यांना कळतं म्हणते. कोण 'ते' विचारलं तर नुसती बघत बसते."

रेडिओ बोलत नाही! मसुदेकाराच्या एकदम लक्षात आलं की गेले कित्येक दिवस जिन्यात आवाजच नव्हता. रोज दोनदा तो त्या जिन्याने जात होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

"उत्तर अजिबात देऊ नका," तो म्हणाला. "एक-दोन दिवसांत आपोआप थांबेल."

"असं वाटतं तुम्हाला?"

"खात्रीने सांगतो."

त्या माउलीचा जीव भांड्यात पडला. तिने त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले. त्याने मान हलवली, दार लावून घेतलं आणि तो सरळ आत वळला.

पिल्लू तिच्या खोलीत अभ्यास करत होती. त्याने काही विचारायची गरजच पडली नाही, बाबांचा चेहरा बघूनच तिला उमगलं.

"मी एक तरी वाईट शब्द लिहिलाय का? दाखवा ना," ती म्हणाली.

"का केलंस पण?"

"तिने भर वर्गात सांगितलं की माझा निबंध तुम्ही लिहून दिलात. सगळे हसले मला. बाईसुद्धा."

"अगं, पण खरंच होतं ना ते?"

"म्हणून तर! मला तिला फक्त गप्प करायचं होतं."

साहेब काय वेगळं म्हणाले होते? मसुदेकार पलंगाच्या कडेवर बसला. मग पिल्लूचा चेहरा वाकडा व्हायला लागला. "मी दोन आठवड्यांत थांबणार होते, बाबा. पण ती रोज मेसेज आला की इकडेतिकडे बघायची. माझ्याकडेही बघायची, माझ्याच शेजारी येऊन बसायची. आणि मला उद्या पुन्हा बघावंसं वाटायचं. मलाच माझी भीती वाटते." ती डोळे पुसत उठली. "मी खाली जाऊन सांगून येऊ का तिला?"

बघा, पोरगी उठली होती. चप्पल शोधत होती. पंधरा पायऱ्या उतरून गेली असती तर काय व्हायचं ते तिथेच झालं असतं. पण बापाने तिचा दंड धरला आणि तिथेच माती खाल्ली. "वेड लागलंय का? शाळेतून काढून टाकतील. सगळीकडे नाव खराब होईल. आत्ताच्या आत्ता ते खातं पुसून टाक. उद्यापासून एकही मेसेज जाता कामा नये. कुणाला काही कळायला नको, समजलं?"

पिल्लूने त्याच्यासमोर खातं पुसलं. बापाला वाटलं, सुटलो. बावीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांच्या भीतीचं वेळापत्रक आखत आला, त्याच्या डोक्यात हे आलं नाही की मेसेज असे अचानक बंद करणं म्हणजे काय. ऑफिसात तो त्याला शेवटचा टप्पा म्हणायचा. घरात त्यालाच तो मिटवामिटवी समजला. माणसाची अक्कल कुठे चरायला जाते, देव जाणे.

त्याच आठवड्यात ऑफिसातही पत्रं थांबवली होती. सोमवारी अकरा वाजता पहिल्यांदाच काही गेलं नाही. सगळा विभाग घड्याळाकडे बघत गालातल्या गालात हसत होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, पलीकडून चौकशीवर चौकशी. आज नोंद का नाही? काही चुकलं का? साहेबांनी उत्तर द्यायला मनाई केली होती.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला टीव्हीवर बातमी आली. पहाटेच्या धुक्यात त्या देशाच्या नौदलाने तीन बोटी बुडवल्या. बोटी त्यांच्याच होत्या, मासेमारीच्या. अकरा माणसं गेली. त्यांचा एक अधिकारी कॅमेऱ्यासमोर उभा होता, टोपी हातात घेऊन. "पत्रं थांबली," तो म्हणत होता, "तेव्हा आम्हाला वाटलं, आता ते निघाले. आता ते येताहेत."

साहेबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आपण काय केलं? काही नाही. आपण तर पाच दिवसांत एक ओळसुद्धा लिहिलेली नाही." आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मसुदेकाराला त्या अकरा माणसांचं वाईट वाटलं असं सांगायला मला आवडलं असतं. वाटलं, पण नंतर. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रं चिकटवलेली खिडकी आली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आज तिसरा दिवस. बॅग टेबलाखालीच राहिली आणि तो जिन्याकडे धावत सुटला.

घरी पोहोचला तेव्हा बिल्डिंगचा जिना माणसांनी भरलेला. सिस्टर मधल्या वळणावर उभ्या होत्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. "भाऊ, ती घरात नाही! मी दहा मिनिटं औषध आणायला गेले हो! दार सताड उघडं!" कुणी गच्चीवर धावलं होतं, कुणी रस्त्यावर. वरच्या पायरीवर कठड्याला चिकटून पिल्लू उभी होती, चेहरा पांढराफटक.

गच्ची नाही, मसुदेकाराने मनाशी म्हटलं. रस्ताही नाही. आपल्यावर कुणीतरी टपून आहे असं ज्याला वाटतं, तो उघड्यावर जाणार नाही. तो अशा जागी जाईल जिथे कुणाला काहीच बघता येणार नाही. त्याने बिल्डिंग डोळ्यांसमोर आणली, एकेक दार, एकेक खिडकी. तळमजल्यावर जिन्याखाली विजेच्या मीटरची खोली होती. तिला खिडकी नव्हती.

तिथे कडी आतून लावलेली होती. त्याने हळूच दार वाजवलं. "बाळ, मी आहे. वरचे काका."

बऱ्याच वेळाने दार चार बोटं किलकिलं झालं. मीटरच्या लाल दिव्यांखाली रेडिओ उकिडवी बसली होती, फोन छातीशी घट्ट धरून. किती वाळली होती पोरगी!

"काका, चार दहा होऊन गेले," ती कुजबुजली. "आज पण आला नाही. म्हणजे आता ते येणार ना?"

"कुणी येणार नाही, बाळ. कुणीही नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

मागे सिस्टर येऊन उभ्या होत्या, जिन्यात शेजारीपाजारी होते. खोटं त्याच्या जिभेवर तयार होतं. बावीस वर्षांची सवय. पोलिसांनी पकडलं म्हणून सांगितलं असतं तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. त्याने त्या मुलीच्या डोळ्यांकडे बघितलं आणि ते खोटं त्याच्याने बोलवेना.

"पिल्लू," त्याने हाक मारली. "खाली ये."

ती आली. एकेक पायरी करत आली आणि दारासमोर बसली. "मी होते गं," ती म्हणाली. "रोज मीच लिहीत होते. दुसरं कुणी नाही. कुणीच नव्हतं कधी."

"मी शिकवलं तिला," मसुदेकार म्हणाला. "आणि थांबवलंही मीच. न सांगता."

सिस्टरांचा हात वर उठला आणि तसाच हवेत राहिला. "माझ्या ताटात जेवलीस गं तू," एवढंच त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

रेडिओ पिल्लूकडे बघत राहिली. तिच्या रडण्याकडे, वाहत्या नाकाकडे. रेडिओच्या चेहऱ्यावर राग येईल, ती ओरडेल, ओचकारेल, म्हणून मसुदेकार वाट बघत होता. तसं झालं असतं तर त्याला फार बरं वाटलं असतं.

"तुला पण पकडलं त्यांनी?" रेडिओने विचारलं.

"नाही गं, मी सांगतेय ना, मीच..."

"असं म्हणायला लावलं ना तुला?" रेडिओने जिन्यातल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. मग हात बाहेर काढून पिल्लूचं मनगट धरलं. "आत ये. लवकर. दार उघडं नको."

ती भिंतीकडे सरकली, शेजारी थोडी जागा केली. पिल्लूने बापाकडे बघितलं. मग ती आत गेली आणि आतून कडी लागली.

आतून पिल्लूचे हुंदके येत होते. मग रेडिओचा आवाज आला, अगदी हळू, समजावणीचा.

"रडू नकोस ना. बाहेर ऐकू जातं."