चवबाई

"कडू आहे," चिऊ म्हणाली आणि तोंडातलं सूप तिनं सरळ हनुवटीवर सोडून दिलं.

मी ओल्या फडक्यानं हनुवटी पुसली. "कडू नाही, हिरवं आहे."

"कडू हिरवं आहे."

चिऊ साडेचार वर्षांची. जे नको ते सगळं तिच्या भाषेत कडू. मागच्या आठवड्यात दूध कडू होतं, कोबी कडू होता, एकदा तर केळंसुद्धा. त्यामुळे आमच्या घरात या शब्दाला काही किंमत उरली नव्हती. शिवाय या सूपमधला दुधी बाजारातला नव्हता. गच्चीवरच्या पिंपात मी स्वतः वाढवलेला होता. बी मागच्या वर्षीच्या दुधीचं, वाळवून कागदाच्या पुडीत ठेवलेलं. खत स्वयंपाकघरातल्या साली-देठांचं. फवारा पाण्याशिवाय कशाचाही नाही.

मी बाजारात उभी राहिले की भाजीवाल्यांच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. "औषध मारलंय का?" हा माझा पहिला प्रश्न, भाव नंतर. घरी आणलेली प्रत्येक भाजी मिठाच्या पाण्यात अर्धा तास. नवरा म्हणतो, "या घरात आंघोळीला पहिला नंबर भेंडीचा, मग माझा." पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचते. हसा खुशाल. पण मूल झाल्यापासून मला जगात ठिकठिकाणी विषच दिसायला लागलं होतं. हा दुधी मात्र माझा होता. त्याला मी फुलापासून ओळखत होते.

"आई, जरा बघता का हो?" मी सासूबाईंना म्हटलं. "ही कडू म्हणतेय."

सासूबाईंनी डाव उचलला, दोन थेंब डाव्या तळहातावर पाडले आणि जिभेनं टिपले. ही त्यांची जुनी पद्धत. सव्वीस वर्षं त्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होत्या. रोजची चारशे ताटं. एकही पातेलं त्यांच्या तळहातावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. तिथे त्यांना कुणी नावानं ओळखत नव्हतं; मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे चवबाई म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या पितळी पाटीवरसुद्धा तेच कोरलेलं आहे.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. नेहमी बघतात तसं, जरा जास्तच वेळ.

"बरंय की," त्या म्हणाल्या. "कडू कुठलं! नाटकं आहेत हिची. बघ चिऊ, आजी कशी पिते ते."

आणि त्यांनी आपली वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

"बघितलंस? आता आ कर," मी म्हणाले. चिऊनं ओठ घट्ट मिटले. मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिचे गाल दाबले. फार जोरात नाही. तोंड उघडण्यापुरतेच. "कडू ते औषध, राणी. एक आईचा. एक आजीचा. एक बाबांचा."

तीन चमचे. चौथ्याला ती इतकी रडली की मी सोडून दिलं. माझी वाटी ओट्यावर निवत होती. मी नेहमी शेवटीच जेवते.

*

पाऊण तासानं सासूबाई न्हाणीघराकडे गेल्या त्या भिंतीला धरून. आतून उलटीचा आवाज आला. मी दार ठोठावलं.

"पित्त झालंय," आतून आवाज. "तू पोरीकडे बघ."

पोरीकडे बघायला वळले तर चिऊ सतरंजीवर पोट धरून गुडघे छातीशी घेऊन पडली होती. रडत नव्हती. तिला काही झालं की ती घर डोक्यावर घेते, आणि आता आवाजच नव्हता. मी जवळ जाईपर्यंत तिला उलटी झाली. मग दुसरी. कपाळ थंडगार, ओठांभोवती पांढरी कड.

तेव्हा माझी नजर ओट्यावरच्या माझ्या वाटीकडे गेली. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

कडू म्हणजे काय, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. कारलं कडू नाही, मेथी कडू नाही. हे जिभेवर थांबलंच नाही, सरळ घशाच्या मुळाशी जाऊन बसलं. तीनदा थुंकले तरी जाईना. आणि हे मी तिच्या तोंडात घातलं होतं. गाल दाबून.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याचा फोन मुका. चार वेळा लावला. मग मी जिन्यावरून ओरडले, "काका! काका, गाडी काढा!"

खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून बाहेर आले. सासूबाईंना त्यांनीच धरून उतरवलं. पायरीपायरीवर त्या थांबत होत्या आणि प्रत्येक वेळी तेच म्हणत होत्या, "आधी तिला न्या. माझं काय, मी पिकलं पान."

गाडीत चिऊचं डोकं माझ्या मांडीवर. मी सारखी तिच्या नाकापाशी बोट धरून बघत होते. श्वास लागला की बोट काढायचं, आणि काढलं की पुन्हा धरायचं.

"चिऊ, बोल काहीतरी."

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

*

तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. शांत बोलत होत्या, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

"काय खाल्लं?"

"दुधीचं सूप. घरचा दुधी. काहीही फवारलेलं नाही, अगदी—"

"कडू होता?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मुलीनं किती घेतलं?"

"तीन चमचे. एक बाहेर आला... नाही, तो आधीचा. तीन."

"आजींनी?"

"पूर्ण वाटी."

त्यांचा पेन क्षणभर थांबला. सिस्टरनं चिऊच्या हातात सुई घातली. इतका छोटा हात, पट्टीच जास्त दिसत होती. मी विचारलं, "यावर औषध काय?"

"याला उतारा नसतो. सलाइन, उलटीचं इंजेक्शन, आणि लक्ष ठेवणं. मुलीनं थोडंच घेतलंय आणि बरंचसं पडलंय, ही चांगली गोष्ट. पुढचे सहा तास महत्त्वाचे." मग पलीकडच्या खाटेकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी, एवढं कडू होतं, तरी वाटीभर प्यायलात कशा?"

सासूबाईंचा रक्तदाब इतका उतरला होता की बोलताना शब्द ओठांवर विरत होते. उलटीत रक्ताची रेघ आली होती. मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही.

"चव नाही मला," त्या म्हणाल्या.

"आत्ता लागत नाहीये का?"

"दीड वर्ष झालं. मोठा ताप आला होता, त्यातच गेली. वाससुद्धा नाही."

मी चिऊची खाट आणि त्यांची खाट यांच्या मधे उभी होते. दीड वर्ष. दीड वर्ष मी रोज विचारत होते, "आई, मीठ बरोबर आहे का?" आणि त्या तळहातावर थेंब घेऊन, माझा चेहरा न्याहाळून सांगत होत्या, "चिमूटभर चालेल." मला वाटायचं, सुनेचा चेहरा वाचताहेत, मनात काय आहे त्याचा पहारा. त्या तर माझ्या चेहऱ्यावरून मीठ वाचत होत्या.

"सांगायचं नाही का, आई?"

"कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या. "चवबाईची चव गेली म्हणून? लोक हसले असते." आणि खरंच थोडंसं हसल्या, मग पुन्हा पोट धरलं.

*

नवरा आला तेव्हा त्याच्या हातांना ग्रीस होतं. चिऊला हात लावावा की नाही, हे न कळून तो दोन्ही हात वर धरून उभा राहिला. मग घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. चिडला.

"कुणी पाजलं तिला?"

"मी," सासूबाई पलीकडून म्हणाल्या. "जिभेला चव नाही, तरी मी चाखलं, मी चांगलं म्हटलं, मीच पाजलं. हिला काही बोलू नकोस."

"आई, तुला कळत नाही का? चव लागत नाही तर स्वयंपाकघरात कशाला..." पुढे तो बरंच बोलला. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. पांघरुणाखाली त्यांची पाठ केवढीशी दिसत होती.

मी सलाइनचे थेंब मोजत होते. चाळीसपर्यंत गेले. मला वाचवायला त्यांनी ते वाक्य पुढे केलं होतं आणि मी त्याच्या आड लपले होते.

"ती कडू म्हणत होती," मी म्हणाले.

"काय?"

"चिऊ. पहिल्याच घासाला म्हणाली. मी ऐकलं नाही. आईंनी नाही पाजलं. मी गाल दाबून पाजलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाहेर गेला, हात धुऊन आला आणि चिऊच्या पायाशी बसला. माझ्याशी नाही, पण आईशी बोलला. "पांघरूण नीट घे," एवढंच.

डॉक्टरीणबाईंनीच नंतर समजावलं. आजूबाजूला शोभेच्या तुंब्यांचा किंवा रानातल्या कडू भोपळ्याचा वेल असला की मधमाश्या परागांची अदलाबदल करतात, आणि घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी कडू निघू शकतं. फळ दिसायला तसंच देखणं. आमच्या गच्चीखाली घड्याळवाल्या काकांच्या कुंपणावर हिरव्या-पांढऱ्या तुंब्यांची ओळ लटकते. मी दरवर्षी त्यांचं कौतुक करते. काकांना हे कधी सांगायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं. औषधं मारलेल्या सगळ्या जगाला दाराबाहेर ठेवलं होतं मी. बी मात्र माझ्याच पुडीतलं होतं.

*

सहा तास गेले. रात्र गेली. चिऊच्या ओठांभोवतीची पांढरी कड सकाळी गेली. सासूबाईंचा रक्तदाब दुपारपर्यंत सावरला, पण उठून बसवलं की त्यांना चक्कर येत होती.

तेव्हा सिस्टरनं चिऊसाठी वाटीभर मऊ भात आणला. "आता द्यायला हरकत नाही. हळूहळू."

मी चमचा भरला. चिऊनं ओठ मिटले आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गाल झाकून घेतले.

माझा चमचा हवेतच राहिला.

"साधा भात आहे गं," नवरा म्हणाला. चिऊनं मान हलवली. गालांवरचे हात तसेच.

"आजीला विचार," ती मला म्हणाली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी माझ्या चेहऱ्यात काही शोधत नव्हत्या. कोपर टेकून त्या कशाबशा कुशीवर वळल्या.

"आजीला नाही कळत, बाळा," त्या म्हणाल्या. "आजीची जीभ बिघडली. तूच बघ आणि आम्हाला सांग."

चिऊ विचार करत राहिली. मग एक हात गालावरून काढला, वाटीत बोट घातलं, एक शीत उचललं आणि जिभेच्या अगदी टोकावर ठेवलं. आम्ही तिघं मोठी माणसं श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"अळणी आहे," ती म्हणाली.

मी मीठ आणायला उठले.