एका दिवसाने काय बिघडतं

"थांबा काका, परत घेऊ," काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारी ताई म्हणाली. "जन्म झाले, पण मृत्यूंच्या आधी तुम्ही फारच थांबलात. लोकांना वाटेल, रेडिओ बंद पडला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मा स्वच्छच होता. कागदावर उद्याची तारीख होती. 'आजचा दिवस' हा त्यांचा पाच मिनिटांचा कार्यक्रम आदल्या दिवशीच रेकॉर्ड व्हायचा. त्या तारखेला पूर्वी काय काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, एवढंच सांगायचं. तह, पूल, शोध, युद्ध, मग जन्म, मग मृत्यू. एका दमात. इतक्या वर्षांत त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. उद्याच्या तारखेलाही नाही, आणि उद्याची तारीख तर त्यांच्या घरातली होती.

"बरं नाही का वाटत?" ताईने विचारलं.

"काही नाही गं. घसा. घे परत."

दुसऱ्यांदा त्यांनी कागद सपासप वाचून काढला आणि कोट उचलून बाहेर पडले.

गावभर त्यांना दिनविशेषकाका म्हणत. खरं नाव रेडिओ केंद्राच्या हजेरीपटावर आणि दारावरच्या पाटीवर, बाकी कुणाच्या तोंडी नाही. कुठेही जा, लग्नाला जा नाहीतर दवाखान्याच्या रांगेत बसा, कुणीतरी खांद्यावर थाप मारून आपली जन्मतारीख सांगायचा आणि काका त्या दिवशी जन्मलेले दोन-चार मोठे लोक ताडकन सांगायचे. "अरे वा! म्हणजे आमच्यातही काहीतरी असणार!" असं म्हणून माणूस खूश. न्हाव्याच्या तारखेला एक सेनापती निघाला होता, तेव्हापासून तो काकांच्या मानेवर वस्तरा जरा ऐटीतच फिरवायचा.

पण म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. काकांच्या मुलीने आयुष्यात एकदाच त्यांना हा प्रश्न विचारला होता. सात-आठ वर्षांची असेल. जेवता जेवता म्हणाली, "बाबा, माझ्या दिवशी कोण कोण जन्मलं? खऱ्या दिवशी?"

काकांची बायको ताटावरून उठून आत गेली. काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "त्या दिवशी कोणी विशेष जन्मलं नाही."

पोरीने मान हलवली आणि भात कालवायला लागली.

गोष्ट अशी की, काकांचा थोरला मुलगा सातव्या वर्षी तापाने गेला. सकाळी अंग गरम लागलं आणि तिसऱ्या दिवशी खाट रिकामी. त्यानंतर काही वर्षांनी बायकोला पुन्हा दिवस गेले. बाळाला अजून पंधरा-वीस दिवस अवकाश होता. मुलाच्या जाण्याचा दिवस उजाडला, नवरा-बायकोने त्याच्या फोटोपुढे फुलं ठेवली, आणि तिला तिथेच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात ती नर्सचा हात धरून सारखी म्हणत होती, "आज नको हो, काहीतरी करा, उद्यावर ढकला!" नर्स बिचारी घाम पुसत म्हणाली, "बाई, बाळ काय कॅलेंडर बघून येतं होय?"

दिवेलागणीला मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली. आईने तोंड भिंतीकडे केलं.

पहिल्या वाढदिवसाला बायको म्हणाली, "आपण उद्या करू." काका म्हणाले, "करू." दुसऱ्या वर्षीही तेच. मग ते ठरूनच गेलं. एक दिवस फोटोपुढे फुलं, गप्प घर. दुसऱ्या दिवशी केक, तोही कालची उदासी अंगावर घेऊनच कापलेला. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा कारकुनाने जन्मतारीख विचारली. बायकोने काकांकडे नुसतं पाहिलं. काकांनी आपल्या वळणदार अक्षरात दुसऱ्या दिवसाची तारीख लिहून टाकली. बाहेर आल्यावर तेच म्हणाले, "एका दिवसाने काय बिघडतं?"

हे कोण म्हणालं? ज्याने एकदा एका कवीचा जन्म हवेवर एका दिवसाने उशिरा सांगितला होता, तो माणूस! त्या सकाळी केंद्राचा फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. एक निवृत्त मास्तर तर काठी आपटत समोर येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी काकांनी हवेवर दुरुस्ती वाचली, श्रोत्यांची क्षमा मागितली, आणि आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. मुलीच्या तारखेसाठी मात्र एकही फोन आला नाही. कोण करणार होतं?

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं, पण एका दुपारी तिने काकांना जवळ बसवून घेतलं.

"पोरीला एकदा तिच्या दिवशीच केक न्या," ती म्हणाली.

"बरं. पण आता हे कशाला काढतेस?"

"मग कधी काढू?" ती दमली, थांबली. "माझं एक सोडा हो. मी वेडीपिशी झाले होते. पण तुम्ही तर शहाणे होतात ना? मी आज नको म्हणायचे आणि वाटायचं, हा माणूस आता ओरडेल, पोरीला उचलून घेईल. तुम्ही आपले 'बरं' म्हणायचात. का नाही बोललात?"

आजवर काकांना वाटत आलं होतं की आपण बायकोचं मन जपलं. तिच्या दुःखाच्या आडोशाला आपणही सुखाने बसलो होतो, मुलाच्या फोटोपुढे हसायची आपलीच छाती नव्हती, हे त्या दुपारी त्यांना कळलं. फार उशिरा कळलं. म्हातारपणी येणारी अक्कल ती, ना खाता येते ना वाटता येते.

म्हणून रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रेडिओवर त्यांचाच आवाज चालू असताना, त्यांनी फोटोपुढे फुलं ठेवली, मुलाला म्हणाले, "येतो रे, तुझ्या बहिणीकडे जाऊन," आणि घराला कुलूप लावलं. बेकरीतून केक घेतला. वर कडेने क्रीमची गुलाबी फुलं. बसमध्ये खोकं मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. 'बाळ, आज तुझा वाढदिवस आहे.' एवढंच तर होतं.

दार नातीने उघडलं. नऊ वर्षांची, पुढचा दात पडलेला.

"आजोबा! केक!" आणि मग कपाळाला हात लावून, "अहो आजोबा, आईचा वाढदिवस उद्या आहे!"

आत जावई पेपर वाचत होते, त्यांची आई भाजी निवडत होती. दोघांनी माना वर केल्या.

"उद्या?" काका म्हणाले.

"उद्याच नाही का!" विहीणबाई हसायलाच लागल्या. "कमाल झाली बाई! अख्ख्या गावाच्या तारखा पाठ आणि स्वतःच्या लेकीचीच चुकली!"

"रेडिओला कळवायला हवं," जावई म्हणाले. "दुरुस्ती वाचा म्हणावं."

सगळे हसले. काकाही हसले, दुसरं करणार काय? खोकं हातात, आणि लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने मान अगदी थोडी हलवली. नको, अशी. या घरात कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. एवढा संसार झाला आणि तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

"चुकलो खरा," काका म्हणाले. "वय झालं आता."

नातीने खोकं उघडून तिथल्या तिथे फुलांची वाटणी केली. "हे मोठं माझं. हे बाबांचं. हे आजीचं, हे तुमचं. आणि हे आईचं. कुणी हात लावायचा नाही, उद्यापर्यंत!"

"बरं हो, मालकीणबाई," तिची आई म्हणाली. "द्या इकडे, फ्रीजमध्ये ठेवते. बाबा, चला, चहा टाकते."

स्वयंपाकघर लहान होतं. काका स्टुलावर बसले. मुलीने आधण ठेवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून कप विसळत राहिली.

"आईने सांगितलं होतं का?" तिने विचारलं.

"तिने सांगितलं. पण मी... मला स्वतःलाच यायचं होतं."

"हं."

"तू यांना सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं?"

"काय सांगू? कागदावर उद्याची तारीख, घरात उद्याची तारीख. आज आहे म्हटलं तर विचारतील, मग उद्या का करायचात? मग दादाचं सांगायचं, आईचं सांगायचं. आणि त्यांना आईची कीव आली असती नाहीतर राग. मला दोन्ही नको होतं." तिने गॅस बारीक केला. "एका दिवसाने काय बिघडतं, बाबा?"

ती टोमणा मारत नव्हती. तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं, घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आपण म्हणतो तसं. काकांना टोमणा चालला असता.

"बिघडतं," ते म्हणाले. "पुष्कळ बिघडतं. मला तेव्हा कळायला हवं होतं."

ती वळली.

"दरवर्षी आजच्या दिवशी मी तुमचा कार्यक्रम ऐकते. हे आंघोळीला गेले की लावते. आजही ऐकला. आज जन्मलेल्यांची केवढी नावं वाचलीत तुम्ही! एक गणिती आहे. ती नाटकातली बाई आहे. एक तर डोंगर चढणारा आहे. मला सगळे पाठ आहेत." तिने विसळलेला कप ओट्यावर ठेवला. "तुम्ही म्हणाला होतात, त्या दिवशी कोणी विशेष जन्मलं नाही."

काकांनी स्टुलाची कड धरली. चहा उतू जायला आला तसा तिने तो चटकन उतरवला.

"मी चुकलो गं," ते म्हणाले. "तुझी आई नाही. मी. मी म्हणायला हवं होतं, आज पोरीचा वाढदिवस आहे, आज केक येणार. एकदा तरी. क्षमा..."

"रेडिओसारखं नका बोलू हो," ती म्हणाली आणि रडत रडत हसली. "इथे मी एकटीच आहे."

मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. बसमध्ये जुळवलेलं, साधं, पाच-सहा शब्दांचं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हटलं. तिने पदराने नाक पुसलं, दाराकडे एकदा पाहिलं, फ्रीज उघडला. खोक्याचं झाकण वर करून तिने एक फूल बोटाने अलगद उचललं आणि तोंडात टाकलं. डोळे मिटून खाल्लं. मग चमच्याच्या पाठीने तिथलं क्रीम सारखं केलं, खळगा बुजवला, झाकण लावलं.

"राहील उद्यापर्यंत," ती म्हणाली. "चहा घ्या, निवतोय."

"उद्या येऊ ना मी?"

"म्हणजे काय? नाही आलात तर तुमच्या विहीणबाई मला ऐकवतील."

दुसऱ्या दिवशी काका संध्याकाळी गेले. शेजारची चार माणसं आली होती. मेणबत्त्या लावल्या, टाळ्या झाल्या, आणि सुरी टेकणार तोच नात ओरडली.

"थांबा! एक फूल कमी आहे! आईचं फूल कुठे गेलं?"

सगळे वाकून बघायला लागले. मुलीचा हात सुरीवर तसाच राहिला. तिचे कान लाल झाले.

"मी खाल्लं," काका म्हणाले. "काल आणता आणता. राहवलं नाही बघ."

"आजोबा! आधी तारीख चुकता आणि वर आईचंच फूल खाता!"

"काय हा माणूस!" विहीणबाई म्हणाल्या, आणि खोली हसण्याने भरून गेली. काकांनी मान खाली घालून कान धरले, तशी पोरं आणखीच खिदळली.

मुलगी हसली नाही. तिने केक फिरवून बुजवलेली जागा आपल्याकडे घेतली, पहिला तुकडा तिथूनच कापला आणि तो बापाच्या बशीत ठेवला.