साहेबांच्या किटलीचा प्लग

फोटोसाहेब गल्लीत शिरले आणि शिंपीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. वीज कार्यालयातल्या या साहेबांना हे नाव गल्लीनंच ठेवलं होतं. दिवा लागो न लागो, यांचा फोटो निघालाच पाहिजे!

योजना तशी चांगली होती म्हणा. ज्या घरात आजारी माणूस मशीनवर श्वास घेतो, त्या घराची वीज कधी जाऊ द्यायची नाही. बाईंचे सासरे मागच्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावून पडलेले, पुढच्या खोलीत बाईंचं शिवणाचं दुकान. मीटर मात्र एकच. झालं! घरगुती खिडकीवर गेलं की म्हणायचे, हा धंदा आहे. धंद्याच्या खिडकीवर गेलं की म्हणायचे, हे घर आहे. खेटे घालून बाईंच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे या शहाण्यांना पाझर फुटला. म्हाताऱ्यासाठी वेगळी लाइन, वेगळं मीटर, तेही सवलतीत.

ते बसवायला आज ही वरात आली होती. शिडी, वायरमन, कापडी फलक, फोटो काढणारा एक जण आणि रिबीन बांधलेलं मीटर. मीटरला रिबीन, म्हणजे बघा!

"खांबावरून लाइन बंद करतोय," वायरमन म्हणाला. "काम होईपर्यंत अख्ख्या गल्लीत वीज नाही."

बाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. "अहो, आत बाबा मशीनवर आहेत!"

"त्यांच्यासाठीच तर करतोय ना, ताई," फोटोसाहेब हसले. "चार-पाच तास कळ काढा. एकदा मीटर बसलं की जन्मात वीज जायची नाही."

"आणि जन्मच चार-पाच तासांत आटपला तर? आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी कळवायचं असं योजनेत कुठे लिहिलेलं नाही. ए, फलक जरा डावीकडे घे रे."

त्या कोडग्या चेहऱ्याकडे बघून बाईंना किळस आली. तेवढ्यात पंखा थांबला, आत मशीन टीं टीं करून गप्प झालं. अडीनडीला ठेवलेला छोटा सिलिंडर होता, पण त्याचा काटा तळाला टेकत आलेला. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाईंनी नळी सिलिंडरला जोडली आणि शेजारच्या बेकरीवाल्याला हाक मारली, "भाऊ, गाडी काढा! मशीनपण बरोबर घ्यायचंय!"

"कुठे नेतेस गं?" गाडीत सासऱ्यांनी धापा टाकत विचारलं. त्यांचे ओठ निळसर पडले होते.

"जिथे वीज जात नाही तिथे, बाबा."

वीज कार्यालय चौकापलीकडेच होतं, वेगळ्या लाइनवर. फोटोसाहेबांच्या खोलीत कुणीही नसताना एसी गारेगार चालू होता आणि प्लगला चहाची किटली लावलेली. बाईंनी किटलीचा प्लग ओढून काढला, मशीनचा खुपसला. सासऱ्यांना साहेबांच्या गुबगुबीत खुर्चीत बसवलं. मशीन घुरघुरायला लागलं. हळूहळू म्हाताऱ्याच्या ओठांवर रंग परत आला.

कुणीतरी चुगली केलीच. फोटोसाहेब आपला सगळा लवाजमा घेऊन धावत आले.

"हा काय प्रकार आहे? सरकारी वीज आहे ही! खासगी मशीन इथे चालणार नाही. काढा आधी!"

"मी नाही काढणार," बाई बाजूला सरकल्या. "हा प्लग. तुमच्या हातानं काढा."

साहेब तरातरा पुढे आले, खाली वाकले आणि त्यांनी प्लगला हात घातला.

"ओ फोटोवाले," बाई म्हणाल्या, "साहेबांचा हात नीट येऊ दे हं. आणि मागे बाबापण दिसायला हवेत."

फोटोवाल्यानं सवयीनं कॅमेरा वर केला. साहेबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि तोंडासमोर धरला.

"मीटर बसलं की निरोप पाठवा," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून सासऱ्यांशेजारी बसल्या. "तोवर आम्ही इथेच आहोत."