गाठ पिणारा गिनीपिग

पेरूतल्या वांकायो गावच्या रविवारच्या बाजारात वैदू माएस्त्रो एलेउतेरियोच्या तंबूत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. जुने वैदू रुग्णाच्या अंगावरून गिनीपिग फिरवायचे आणि मग त्याचं पोट फाडून आजार ओळखायचे. हे माएस्त्रो सुधारलेले. ते गिनीपिग फिरवायचे, आणि आजार पळताना लॅपटॉपवर दाखवायचे. रुग्णाने फक्त आपल्या सीटी स्कॅनची तबकडी आणायची.

आज खाटेवर तेओदोमिरा होती. डाव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ, मंगळवारी ऑपरेशन. तिची भाची नील्दा इस्पितळात स्कॅन काढायचं काम करायची. ती दातओठ खात बाजूला उभी होती.

"ये माझ्या केसाळ डॉक्टरा," माएस्त्रो गिनीपिगला म्हणाले, "आजार पिऊन टाक, धरणीमातेला दे."

त्यांचा डावा हात गिनीपिगवर, उजवा अंगावरच्या घोंगडीखाली, पोंचोखाली, बहुधा काळजावर. गिनीपिग चिरकला. पडद्यावरची गाठ विरघळत गेली आणि दिसेनाशी झाली. बायकांनी डोळे पुसले.

"मंगळवारचं रद्द कर गं," मावशी म्हणाली. "बरी झाले मी."

नील्दाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि तिला हसूच फुटलं.

"माएस्त्रो, उजवं मूत्रपिंड कुठं गेलं?"

"काय?"

"ते चांगलं धडधाकट होतं. गाठीच्या नादात दोन्ही मूत्रपिंडं पळवलीत की. मावशी सकाळपासून तीनदा लघवीला जाऊन आली, ती काय बरगड्यांच्या जोरावर?"

तंबूत खसखस पिकली. नील्दाने सरळ पोंचो उचलला. खाली माऊस होता. तिने कुणाच्या तरी पिशवीतला बटाटा घेऊन मावशीच्या पोटावर फिरवला आणि माऊसचं चाक उलटं फिरवलं. गाठ हजर. सुलटं फिरवलं, तशी गाठ गेली, मग आतडी गेली, शेवटी उरला नुसता सांगाडा.

"माझी सासू अशी घालवता का हो, माएस्त्रो?" मागून कुणीतरी विचारलं. माएस्त्रो गिनीपिग कुशीत घेऊन वाट शोधू लागले.

"स्कॅन म्हणजे शेकडो कापांची चळत," नील्दा म्हणाली. "संगणक तिच्यातून आरपार बघतो आणि वाटेतल्या थरांची बेरीज करून चित्र काढतो. कुठला थर किती दाट दाखवायचा, ते आपण ठरवायचं. पातळ केला की दिसत नाही, पण असतो तिथंच. स्वच्छ काच दिसत नाही, म्हणून कुणी तिच्यातून चालत जातं का?"

मावशीचा चेहरा उतरला. "म्हणजे गाठ आहे."

"आहे. मंगळवारी काढतील."

"मला भीती वाटते गं."

"वाटणारच. मी दाराशी बसून राहीन. नंतर पुन्हा स्कॅन काढू, तेव्हा चाक तूच फिरव, दोन्हीकडे." मग ती गर्दीकडे वळली. "आणि तुम्हीसुद्धा. कुणी काही नाहीसं करून दाखवलं, तर टाळ्या जरा थांबवा. आधी विचारा, त्याच्याबरोबर आणखी काय काय नाहीसं झालं?"