बुटांची कट्टी

माझ्या नणंदेनं माझ्या मुलीला भरल्या घरात गोगलगाय म्हटलं आणि सगळे हसले. माझा नवरासुद्धा हसला. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, हे हसू हिच्याच घशात घालायचं.

प्रसंग तिच्याच मुलीच्या वाढदिवसाचा. आमच्या दोघींच्या मुली एकाच बालवाडीत, एकाच गटात. माझी चिंगी आणि तिची ती 'प्रोफेसर'. हे नाव तिच्या आईनंच ठेवलेलं, कारण पोरगी दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचते. केक कापून झाला, प्रोफेसरनं पाहुण्यांसमोर उलटे आकडे म्हणून दाखवले, टाळ्या झाल्या. निघायच्या वेळी चिंगी दारात बूट घालायला बसली आणि बसली ती बसलीच. डावा बूट उजव्या पायात गेला, तो काढला, दुसरा घातला, तोही काढला. मागे पाहुणे ताटकळले.

"अगं वहिनी, शाळेतसुद्धा हिचं हेच चालतं," नणंद म्हणाली. "शाळा सुटली की सगळी पोरं अंगणात पोचतात, तरी ही आपली खाली बसलेली. आमची गोगलगाय!"

नाव चिकटलं. नणंदेचा फोन आला की पहिला प्रश्न, "काय म्हणते गोगलगाय?" मी तोंडावर गोड बोलायची आणि फोन ठेवला की भांडी आपटायची. एकदा सकाळच्या घाईत नवरा म्हणून गेला, "चल गं गोगलगाय." त्या दिवशी त्याला डबा मिळाला नाही. पण खरी आग लागली ती शाळेतून आलेल्या चित्रानं. बाईंनी मुलांना 'मी' काढायला सांगितलं होतं. चिंगीनं दोन वेण्या काढल्या, फ्रॉक काढला आणि पाठीवर एक मोठा गोल शंख काढला. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मीच की." तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. तिनं ते मान्यच करून टाकलं होतं. त्या दिवशी मला नणंदेचा गळा धरावासा वाटला, खोटं कशाला बोलू!

मग पालकसभा झाली. बाई बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, "अक्षरं, आकडे येतील हो. इथे पोरं आधी कोट घालायला शिकतात, बूट घालायला शिकतात, न सांडता पाणी ओतायला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतात. तुम्ही घरी एकच मदत करा. दाखवा, आणि मग हात मागे बांधून उभे राहा." वर्ष संपताना त्या पालकांना बोलावणार होत्या. मुलं आपापलं आवरून अंगणात जाणार आणि पालकांनी काचेच्या दारापलीकडून नुसतं बघायचं, हात मागे बांधून. ही त्या शाळेची जुनी रीत होती.

माझ्या शेजारी नणंद कुजबुजली, "बूट घालायला काय शिकवायचंय? आमची पेपर वाचते."

मला हसू फुटलं. कारण मला माहीत होतं, ही बाई रोज सकाळी दारातच मुलीचे बूट काढते आणि दुपारी तीच गुडघ्यांवर बसून ते घालते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे काउंटरवर असते, तिथून धावत येते ती याचसाठी. प्रोफेसरला बूट पायात कसे येतात हे ठाऊकच नव्हतं. पाय पुढे केला की येतात, एवढंच.

त्याच संध्याकाळपासून मी कामाला लागले.

मी लाँड्रीत दुरुस्तीच्या टेबलावर असते. दिवसभर लोकांची बटणं लावायची, चेनी बदलायच्या. घरी येऊन पुन्हा बटणं! पण सूड घ्यायचा म्हटल्यावर माणसाला दमायला होत नाही. कोट जमिनीवर उताणा पसरायचा, कॉलर आपल्या पायांकडे. बाह्यांत हात घालायचे आणि अख्खा कोट डोक्यावरून मागे टाकायचा. बटणं खालून लावत यायची, कारण गळ्याजवळचं बटण पोरांना दिसत नाही. चिंगी चुकायची, माझे हात शिवशिवायचे. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी ते मागे बांधायचे आणि जीभ चावून उभी राहायचे.

बूट मात्र काही केल्या जमेनात. शेवटी मी तिला सांगितलं, "बूट घालायच्या आधी शेजारी शेजारी ठेव आणि बघ. टोकं एकमेकांकडे वळलेली असली तर त्यांची गट्टी आहे. एकमेकांकडे पाठ फिरवून बसले असले तर कट्टी. गट्टी असेल तरच पाय घालायचा." हे मात्र तिला एका झटक्यात कळलं. बूट मांडायची, पोटावर पडून त्यांच्याकडे बघायची. "आई, यांची कट्टी झालीय," म्हणायची आणि अदलाबदल करून हसायची. पुढे तर नवऱ्याच्या चपलांचीसुद्धा गट्टी करून ठेवायला लागली.

सगळं नीट जमलं की आमचा एक खेळ असायचा. मी विचारायची, "आता गोगलगाय कोण?"

"मी नाही!"

"मग कोण?"

"प्रोफेसर!"

आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसायचो. नवरा एकदा म्हणाला, "अगं, लहान पोर आहे ती." मी म्हटलं, "तुमच्या ताईला सांगितलं होतं का हे, तेव्हा?"

तो दिवस आला. काचेच्या दारापलीकडे मुलांची खोली, अलीकडे आम्ही पालक, हात मागे. नणंद नेमकी माझ्या शेजारी. नवी साडी, नवी पर्स. "तुझी आज तरी वेळेत पोचेल का गं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "बघू या की, ताई."

बाईंनी टाळी वाजवली. चिंगीनं कोट पसरला, हात घातले, डोक्यावरून टाकला. बटणं खालून वर. बूट मांडले, क्षणभर पाहिलं, पाय घातले. झालं. इतर पोरं अजून बाह्या शोधत होती.

आणि प्रोफेसर? ती बाकावर बसून एक पाय पुढे करून थांबली होती. कुणी येईना. तिनं दुसरा पाय पुढे केला. मग तिनं दाराकडे पाहिलं. नणंदेचे हात सुटले. ती काचेला नाक लावून हातवारे करायला लागली, काच वाफेनं धुरकट झाली. बाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिनं हात मागे घेतले. तिचा चेहरा उतरला, मान लाल झाली, आणि मी ते सगळं अगदी चवीनं पाहिलं. लाज वाटली का? मुळीच नाही. उलट वाटलं, हे असंच चालू राहू दे. सगळी पोरं अंगणात पोचू देत आणि ही एकटी खाली बसलेली राहू दे.

तेवढ्यात दाराशी पोचलेली चिंगी मागे वळली. आपल्या आतेबहिणीपाशी जाऊन खाली बसली आणि तिचे बूट हातात घेतले.

"बघ, बघ," नणंदेचा आवाज भरून आला. "किती गुणाची गं!"

मला राग आला. हिची मदत कशाला करते ही? मी एवढा घाम गाळला तो यासाठी?

चिंगीनं बूट शेजारी शेजारी मांडले. टोकं एकमेकांकडे. गट्टी होती, मला इथून दिसत होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं सावकाश ते उचलले आणि अदलाबदल करून ठेवले. कट्टी. डावा उजव्या पायात घातला, उजवा डाव्या पायात, आणि पट्टे घट्ट ओढून दाबले. मग मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. रोज संध्याकाळी हसायची तशीच.

मी काचेवर थाप मारू शकले असते. आत जाऊ शकले असते. मी हात मागे बांधून उभी राहिले.

प्रोफेसर आनंदानं धावत सुटली. अंगणाच्या पायरीवर पाय अडखळला आणि ती तोंडावर आपटली. ओठ फुटला. नणंद रीत बीत विसरून धावली, मीही धावले. बाईंनी बूट पाहिले आणि चिंगीच्या डोक्यावरून हात फिरवला. "उलटे घातले गेले होय? असू दे बाळा. मदत केलीस ना, झालं तर."

नणंदेनं रडणाऱ्या पोरीला कडेवर घेतलं. तिचे स्वतःचे डोळे भरलेले. "वहिनी," ती म्हणाली, "लेक गुणाची आहे तुझी. मीच तिला नाही नाही ते बोलले. पुन्हा नाही बोलणार. आणि माझ्या पोरीला साधे बूटही येत नाहीत गं, माझंच चुकलं."

वर्षभर मी याच शब्दांसाठी टपून बसले होते. आता ते ऐकले आणि माझ्या तोंडून साधं "असू द्या, ताई" सुद्धा निघालं नाही. प्रोफेसरच्या ओठावरचं रक्त नणंदेच्या नव्या साडीला लागत होतं.

चिंगीनं माझा पदर ओढला. मी खाली वाकले. तिनं दोन्ही हातांनी माझा कान धरला आणि हळूच विचारलं, "आई, आता गोगलगाय कोण?"

आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत राहिली.